नुसरतची ओळ: डार्डनेल्सचे सुरुंग गेमच्या इंजिनात बसवताना

पार्श्वभूमी

हौसेने नौदल वॉरगेम खेळणाऱ्या पाच-सहा मराठी मंडळींचा एक गट आहे. काही पुण्यात, काही ठाण्यात, एक जण परदेशात. नोकऱ्या सांभाळून रात्री आणि शनिवार-रविवारी ते एका जुन्या पण भरवशाच्या गेमसाठी सिनॅरिओ, म्हणजे खेळता येतील असे लढाईचे प्रसंग, बनवतात. गेमचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण या प्रकरणातल्या अडचणी त्या एकाच गेमच्या नाहीत. या गटासाठी नकाशे आणि इतिहास तपासून देण्याचं काम माझ्याकडे होतं. कोडमध्ये माझा हात नव्हता.

गटाने निवडलेला विषय होता १८ मार्च १९१५. त्या दिवशी ब्रिटिश आणि फ्रेंच आरमाराने तुर्कस्तानातली डार्डनेल्सची सामुद्रधुनी फक्त जहाजांच्या जोरावर फोडायचा प्रयत्न केला आणि तो फसला. तोफा, किल्ले, सर्चलाइट सगळं मैदानात होतं. पण दिवसाचा निकाल लागला तो पाण्याखालच्या सव्वीस सुरुंगांवर, आणि इंजिनाचा, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, सर्वांत कच्चा भाग नेमका तोच होता.

इतिहासाने दिलेला माल

पुढचे सगळे वाद ज्यावरून झाले तो तपशील आधी सांगतो.

सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या भागाकडे, केपेझपासून वर, तुर्कांनी सुरुंगांच्या दहा ओळी आडव्या टाकल्या होत्या. एकूण साडेतीनशेहून जास्त सुरुंग. हे ब्रिटिशांना माहीत होतं. ते काढायला त्यांनी आणलेले ट्रॉलर म्हणजे उत्तर समुद्रातल्या मासेमारी बोटी, आणि त्यांवर बरेचसे मासेमारी करणारेच खलाशी. दोन बोटींच्या मध्ये तार ओढायची, सुरुंगाचा दोर त्यात अडकवून कापायचा, अशी पद्धत. पण सामुद्रधुनीचा प्रवाह सतत मार्मारा समुद्राकडून बाहेर, म्हणजे त्यांच्या तोंडावर येणारा. तार ओढत प्रवाहाविरुद्ध जाताना या बोटी जेमतेम दोन-तीन नॉटने (तासाला दोन-तीन सागरी मैल) सरकत. वरून सर्चलाइटचा झोत आणि किनाऱ्यावरच्या तोफा.

७ मार्चला मित्रराष्ट्रांच्या जहाजांनी आत शिरून किल्ल्यांवर मारा केला. आशियाई किनाऱ्याच्या एरेनकोय उपसागरात, तुर्क ज्याला कारान्लक लिमान म्हणतात तिथे, ही जहाजं उजवीकडे वळून माघारी फिरतात हे तुर्कांनी किनाऱ्यावरून बघून ठेवलं होतं. त्याच रात्री, ८ मार्चच्या पहाटेपूर्वी, नुसरत हे छोटं सुरुंगपेरणीचं जहाज गुपचूप खाली आलं आणि किनाऱ्याला समांतर अशी सव्वीस सुरुंगांची ओळ टाकून गेलं. दोन सुरुंगांत साधारण शंभर मीटर अंतर, पाण्याखाली सुमारे साडेचार मीटर. बाकीच्या दहा ओळी सामुद्रधुनीला आडव्या, ही एकटीच उभी. पुढच्या दहा दिवसांत त्या पाण्यात एखाद-दुसरा सुरुंग ट्रॉलरना सापडलाही, पण तिथे अख्खी ओळ आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. विमानातून पाहणाऱ्यांनी पाणी मोकळं असल्याचं कळवलं होतं.

१८ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास फ्रेंच युद्धनौका बुव्हे वळून परत निघाली असताना सुरुंगावर गेली आणि दोनेक मिनिटांत उलटून बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. चारच्या सुमारास ब्रिटिशांच्या इन्फ्लेक्सिबल आणि इरेझिस्टिबल, संध्याकाळी सहाच्या सुमारास ओशन सुरुंगांवर गेल्या. इन्फ्लेक्सिबल कशीबशी बाहेर पडली, बाकी दोन बुडाल्या. त्या संध्याकाळी ब्रिटिशांची समजूत अशी की तुर्कांनी प्रवाहाबरोबर सुटे सुरुंग सोडले असावेत. इरेझिस्टिबलच्या बाबतीत तर किनाऱ्यावरून टॉर्पिडो आला असावा असाही तर्क होता. ओळीचा पत्ता नंतर लागला.

अडचण

इंजिनात सुरुंगांसाठी तयार सोय होती. नकाशावर एक चौकोन आखायचा, त्याला ‘सुरुंगक्षेत्र’ म्हणायचं आणि घनता द्यायची. जहाज त्या चौकोनात जितकी मिनिटं असेल तितक्या वेळा, स्फोट होतो का हे ठरवायला, फासा पडतो.

पहिल्या चाचणीतच हे किती बिनबुडाचं आहे ते दिसलं. चौकोनात इंजिन बंद करून उभं राहिलेलं जहाज तासाभराने हमखास उडायचं, आणि पूर्ण वेगात चौकोन कापून गेलेलं बहुधा वाचायचं. नांगरलेला सुरुंग जागचा हलत नाही, जहाजाने त्याच्यावर जावं लागतं. किल्ल्यांवर तोफा डागत एका जागी रेंगाळणारी बॅटलशिप त्या ओळीच्या पन्नास मीटर अलीकडे दिवसभर राहिली तरी तिला काही होणार नाही. आमच्या सिनॅरिओत मात्र ब्रिटिश बॅटलशिप क्वीन एलिझाबेथ तोफा चालवता चालवता आपोआप बुडत होती.

चौकोनाची किमान रुंदी हा आणखी एक त्रास. इंजिनाच्या जाळीचा एक घर पाचशे मीटरचा. नुसरतच्या ओळीला रुंदी अशी नाहीच, लांबी अडीच किलोमीटर. ती पाचशे मीटर जाड केली की ती ओळ राहत नाही, अर्धा उपसागर व्यापून बसते.

सर्वांत मोठा घोटाळा एआयचा होता. इंजिनातल्या एआयला नकाशावरचं सगळं दिसतं. सुरुंगक्षेत्र कुठल्याही बाजूने पेरलेलं असो, संगणकाच्या हातातली जहाजं त्याला अलगद वळसा घालून जात. बुव्हे दर वेळी उपसागर टाळायची. हा हल्ला ज्या अज्ञानामुळे फसला ते अज्ञान इंजिनात ठेवायला जागाच नव्हती.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय आळशी पण सरळ होता: ठरलेल्या वेळी ठरलेला स्फोट. दुपारी दोनला बुव्हे जिथे असेल तिथे उडवायची. गटातल्या एकाने याची बाजू मांडली, कारण काही जुन्या सिनॅरिओंत असंच केलेलं असतं. पण मग खेळणाऱ्याने काहीही करो, निकाल तोच. याला सिनॅरिओ न म्हणता सहल म्हणावं लागेल. हा पर्याय एका बैठकीत मोडीत निघाला.

दुसरा पर्याय होता प्रत्येक सुरुंग स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवायचा. इतिहासप्रेमींना हा ताबडतोब पटला, मलाही. केपेझच्या ओळींसह जवळपास चारशे वस्तू. त्यांची प्रत्येक टिकला, म्हणजे गेमच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक जहाजाशी टक्कर तपासायची. मोठी अठरा जहाजं, विनाशिका (लहान, वेगवान युद्धनौका) आणि ट्रॉलर धरून चाळीस म्हटली तर एका टिकला सोळा हजार तपासण्या. साधा लॅपटॉप गुडघे टेकतो. तरी खरी गोम वेगात नव्हती.

ती टक्कर तपासण्याच्या पद्धतीत होती, आणि गटातल्या प्रोग्रॅमरने ती कागदावर काढून दाखवली. इंजिनाच्या लेखी जहाज म्हणजे एक बिंदू आणि त्याभोवतीचं वर्तुळ. बुव्हे साधारण १२० मीटर लांब, २१ मीटर रुंद. वर्तुळाची त्रिज्या साठ मीटर घेतली तर जहाज १२० मीटर रुंदीचं होतं, म्हणजे खऱ्याच्या जवळपास सहापट. त्रिज्या दहा मीटर घेतली तर जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, सुरुंगावर आपटली तरी इंजिनाला पत्ता नाही. वर एक टिक दहा सेकंदांची. बारा नॉटने जाणारं जहाज दहा सेकंदांत बासष्ट मीटर पुढे जातं. वर्तुळ लहान ठेवलं तर एका टिकला सुरुंग पुढे असतो, पुढच्या टिकला मागे, आणि मधे काही घडलेलंच नसतं. म्हणजे सगळ्यात ‘खरा’ दिसणारा पर्याय हिशेबात सगळ्यात खोटा निघाला.

तिसरा पर्याय होता सुरुंग ठेवायचेच नाहीत, फक्त ओळ ठेवायची. इंजिनात ‘ट्रिगर रेषा’ नावाची एक साधी सोय आहे. जहाजाने ती रेषा ओलांडली की एक स्क्रिप्ट चालते. मूळ उपयोग शर्यतीच्या अंतिम रेषेसारखा: काफिला बंदरात पोचला की गुण द्या. ही रेषा नकाशावर दिसत नाही, एआयला कळत नाही, आणि जहाजाचा मागच्या टिकचा बिंदू व आताचा बिंदू जोडून तपासली जाते, त्यामुळे मधला टप्पा निसटत नाही.

पहिला निर्णय: माहीत असलेलं क्षेत्र, माहीत नसलेली रेषा

इथे गटाने एक विभागणी केली आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्यावर तरलं. केपेझच्या दहा ओळी मित्रराष्ट्रांना माहीत होत्या. त्या फुटण्यापेक्षा अडवण्याचं काम करत होत्या, त्यांच्यामुळे जहाजं पुढे जात नव्हती. तेव्हा त्या चौकोनच ठेवल्या आणि फक्त मित्रराष्ट्रांच्या बाजूला ‘प्रवेश बंद’ म्हणून दाखवल्या. इंजिनात असं बाजूनिहाय क्षेत्र आखता येतं. त्यात स्फोटाचा हिशेब जवळपास काढूनच टाकला, कारण चाचण्यांत तिथे शहाणं कुणी जातच नव्हतं. साडेतीनशे सुरुंगांचा भार एका फटक्यात उतरला.

उरलेली नुसरतची ओळ ट्रिगर रेषांची केली. अडीच किलोमीटरचे काही तुकडे, प्रत्येक तुकड्यात किती सुरुंग शिल्लक आहेत याचा आकडा. जहाजाने तुकडा ओलांडला की स्क्रिप्ट विचारते: रुंदी किती, कुठल्या कोनातून आलं, वळत होतं का.

हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. शंभर मीटरवर एक सुरुंग आणि एकवीस मीटर रुंदीचं जहाज काटकोनात ओळ कापत असेल, तर धडक बसायची शक्यता पाचात एक. तेच जहाज तीस अंशांच्या तिरक्या रेषेत आलं तर त्याच्या दृष्टीने सुरुंगांमधलं अंतर पन्नास मीटर उरतं आणि शक्यता पाचात दोनवर जाते. वळणारं जहाज तर सरळ रेषेत जातच नाही. त्याची नाळ आत आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो, १२० मीटर लांबीचं धूड अंशतः आडवं सरकतं आणि रुंद पट्टा झाडत जातं. एरेनकोयमध्ये सगळ्यांना वळायचंच होतं. ओळ किनाऱ्याला समांतर टाकण्यात तुर्कांचं डोकं किती चाललं होतं हे मला इतकी वर्षं वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या एका सूत्रातून कळलं.

खोलीचा प्रश्नही याच स्क्रिप्टमध्ये सुटला. बॅटलशिपचा तळ पाण्याखाली आठ मीटरच्या आसपास, विनाशिकेचा तीनेक मीटर. साडेचार मीटरवरचा सुरुंग विनाशिकेला लागत नाही. इंजिनाकडे हा आकडा नव्हता, पण जहाजाचा वर्ग होता. वर्ग विनाशिका असेल तर फासा टाकायचाच नाही, एवढी एक ओळ लिहिली.

या एका ओळीने पुढे अनपेक्षित काम केलं. इरेझिस्टिबल निकामी झाल्यावर तिच्या माणसांना विनाशिका वेअरने उचललं होतं, आणि तिला ओढून न्यायला आलेली ओशन स्वतः सुरुंगावर गेली. आमच्या खेळात निकामी जहाजाकडे कुणी फिरकतच नव्हतं, कारण त्यात फायदा नव्हता. मग वाचवलेल्या खलाशांना गुण ठेवले. आता विनाशिका पाठवली तर माणसं वाचतात, पण जहाज गमवावं लागतं. बॅटलशिप पाठवली तर जहाज ओढून आणता येतं, पण ती त्याच पाण्यात जाते जिथे नुकताच कशाचा तरी स्फोट झाला आहे. कसलाही नवा नियम न लिहिता हा पेच उभा राहिला.

दुसरा निर्णय: खेळणाऱ्याने इतिहास वाचलेला असतो, त्याचं काय

एआयला अज्ञानी ठेवणं जमलं, माणसाचं काय करायचं? असा सिनॅरिओ उघडणारा माणूस नुसरतचं नाव ऐकूनच आलेला असतो. तो एरेनकोयमध्ये वळणारच नाही.

इथे गटात चांगलीच जुंपली. एक बाजू म्हणाली, ओळ दर वेळी वेगळ्या जागी टाका, फाशावर. दुसरी बाजू, आणि मी तिच्यात होतो, म्हणाली की मग नुसरतचं काय उरलं? तुर्कांनी जागा फाशावर ठरवली नव्हती, शत्रू कुठे वळतो ते बघून ठरवली होती. जागा नशिबावर सोडली तर खेळ न्याय्य होईल, पण कारण आणि परिणाम यांची गाठ सुटेल.

तोडगा निघाला तो ७ मार्चमधून. मुख्य सिनॅरिओच्या आधी त्या दिवसाच्या माऱ्याचा एक छोटा भाग ठेवायचा. त्यात खेळणारा जिथे आपली जहाजं जास्तीत जास्त वेळा वळवेल, तिथे त्या रात्री ओळ पडेल. उपसागर आणि समोरचा किनारा यांचे पाच पट्टे पाडले. पहिल्यांदा खेळणारा बहुधा एरेनकोयमध्येच वळतो, कारण तिथे पाणी रुंद आहे आणि युरोपीय किनाऱ्यावरच्या तोफांपासून जरा लांब. ब्रिटिशही त्याच कारणाने तिथे वळत होते.

इंजिनाची मर्यादा पुन्हा आडवी आली. एका सिनॅरिओतून दुसऱ्यात फक्त दोन गोष्टी नेता येतात: जहाजांचं नुकसान आणि मोहिमेचे गुण. तिसरी कुठलीच माहिती पुढे जात नाही. प्रोग्रॅमरने पट्ट्याचा क्रमांक गुणांच्या एककस्थानी लपवला. १४३ गुण म्हणजे १४० गुण आणि तिसरा पट्टा. जुगाड नामी होता, पण एका चाणाक्ष खेळाडूने तो ओळखला आणि गुण बघून ओळ कुठे पडली ते सांगू लागला. नंतर गुण पडद्यावर दशकापर्यंत गोल करून दाखवले.

याहून गंमतीचा वाद पुढे झाला. दुसऱ्यांदा खेळणाऱ्यांनी युक्ती काढली: ७ तारखेला मुद्दाम युरोपीय किनाऱ्याला वळायचं आणि १८ तारखेला एरेनकोयमध्ये. एकाने याला फसवाफसवी म्हणून बंद करायची मागणी केली. मला ती पटली नाही. शत्रू आपल्याला बघतोय हे ओळखून त्याला चुकीचं दाखवणं हा युद्धाचाच भाग आहे, आणि ७ तारखेला वेडीवाकडी वळणं घेण्याची किंमत किल्ल्यांच्या तोफा वसूल करतातच. युक्ती राहू दिली, फक्त अधूनमधून तुर्क तिला फसत नाहीत एवढी सोय ठेवली.

तिसरा निर्णय: स्फोटानंतर पडद्यावर काय लिहायचं

इंजिनाचा तयार संदेश होता: ‘जहाज सुरुंगावर आदळले.’ हा एक संदेश सगळं गुपित फोडतो. बुव्हे गेली की खेळणारा लगेच उपसागर रिकामा करतो. खऱ्या १८ मार्चला तसं झालं नाही. बुव्हे दुपारी दोनला बुडाली, तरी चार वाजता जहाजं त्याच पाण्यात होती, कारण ती तोफगोळ्याने गेली की आणखी कशाने, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

स्फोट आता आमच्याच स्क्रिप्टमधून होत असल्याने संदेशही आमच्या हातात होता. तो केला: ‘जलरेषेखाली स्फोट. कारण अस्पष्ट.’

चाचणी करणाऱ्यांपैकी एकाने लगेच तक्रार पाठवली की सिनॅरिओत बग आहे, जहाज उगाच बुडतंय, सगळं पाणी मोकळं दाखवतंय तरी. ती तक्रार वाचून गटात दोन तट पडले. काहींना वाटलं, इथेच आपण जिंकलो. बाकीच्यांचं म्हणणं, खेळणाऱ्याला इंजिनावरच विश्वास राहिला नाही तर तो खेळ बंद करील, तुर्कांना दोष देणार नाही. दोन्ही बाजू बरोबर होत्या. शेवटी लढाई संपल्यावर एक नकाशा दाखवायचा ठरलं: ओळ कुठे होती, कुठलं जहाज कुठे आणि कोणत्या कोनातून तिच्यावर गेलं. खेळताना अंधार, संपल्यावर पूर्ण उजेड. त्यानंतर अशा तक्रारी थांबल्या.

जहाज किती लवकर बुडतं यावरही थोडं काम झालं. इंजिनात नुकसान म्हणजे आकडा कमी होणं, जहाज कलंडणं त्याला माहीत नाही. बुव्हे १८९६ साली पाण्यात उतरलेली, आत झुकलेल्या बाजूंची जुन्या घडणीची फ्रेंच नौका. इन्फ्लेक्सिबल १९०७ सालची. सुरुंग दोघींनाही लागला, एक दोन मिनिटांत गेली, दुसरी आपल्या पायाने बाहेर आली. बांधणीच्या वर्षावर आधारलेला एक छोटा तक्ता लावला आणि विषय तिथेच सोडला. इथे आणखी खोलात जाण्यात अर्थ नव्हता.

ट्रॉलर आणि नसलेला प्रवाह

इंजिनात प्रवाह नाही. समुद्र म्हणजे सपाट फरशी. पण डार्डनेल्समधले सुरुंग का निघाले नाहीत याचं अर्धं उत्तर प्रवाहात आहे. उपाय म्हणून तार टाकलेल्या ट्रॉलरचा वेग दिशेनुसार बदलला: वर जाताना दोन-तीन नॉट, खाली येताना त्याच्या कितीतरी पट. जवळ गोळे पडू लागले आणि सर्चलाइटचा झोत बसला की तार सोडून माघार घ्यायची, हा नियम इंजिनातल्या मनोधैर्याच्या आकड्यात बसवला. सुरुंगांना भिणार नाही पण तोफा आमच्या करारात नाहीत, अशी त्या मासेमाऱ्यांची भूमिका होती, तेव्हा हा नियम त्यांच्यावर अन्याय करत नाही.

एका चाचणीत खेळाडूने कुणी न सांगता ट्रॉलर आधी मोकळेच वर नेले आणि मग तार टाकून खाली आणले. १० मार्चच्या रात्री ब्रिटिशांनी हेच करून पाहिलं होतं. त्याला हे माहीत नव्हतं. खोटा प्रवाह पुरेसा खरा आहे, याची याहून चांगली खात्री मला नको होती.

निष्पत्ती

सिनॅरिओ साध्या लॅपटॉपवर अडखळत नाही. चाचण्यांत कधी एकही मोठं जहाज बुडालं नाही, कधी इतिहासापेक्षा जास्त बुडाली. दोन्ही टोकं आम्ही तशीच राहू दिली, कारण पाचात एकच्या फाशात त्या दिवशीचा निकाल हा अनेकांपैकी एक होता. बहुतेक खेळाडू पहिलं जहाज गेल्यावर थोडा वेळ त्याच पाण्यात राहतात, दुसरं गेल्यावर गोंधळतात आणि तिसऱ्यानंतर माघार घेतात. ती माघार बरोबर होती का, यावर त्यांच्यात रंगलेली चर्चा वाचायला मिळते.

बिघाडही झाले. ओळीला जवळपास समांतर जाणारं जहाज दर टिकला रेषेच्या अलीकडे-पलीकडे डुलायचं आणि दर वेळी फासा पडायचा. बिचारी ब्रिटिश बॅटलशिप अल्बियन एका मिनिटात दोनदा उडाली. एकदा ओलांडल्यावर ठरावीक वेळ त्या जहाजाला पुन्हा तपासायचं नाही, असं केल्यावर ते थांबलं. इंजिनाच्या नव्या आवृत्तीत बाजूनिहाय ‘प्रवेश बंद’ क्षेत्रांचं वागणं बदललं आणि एआय सरळ केपेझच्या ओळींत घुसू लागला. ती दुरुस्ती करेपर्यंत सिनॅरिओ मागे घ्यावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

‘सुरुंग कसा फुटेल’ या प्रश्नात गटाचे बरेच दिवस गेले. ‘कुठल्या सुरुंगाविषयी कुणाला काय माहीत आहे’ याचा तक्ता पहिल्या बैठकीत काढला असता, तर चारशे वस्तूंचा पर्याय कुणी हातातच घेतला नसता. इंजिनाची ताकद मोजण्याआधी तो तक्ता हवा.

गुणांच्या एककात पट्टा लपवण्याचा जुगाड मी पुन्हा करू देणार नाही. ७ मार्च आणि १८ मार्च एकाच फाइलमध्ये, मधे वेळ पुढे ढकलून बसवता आले असते. फाइल जड झाली असती, पण पुढच्या आवृत्तीत मोडली नसती. सुटे, प्रवाहाबरोबर येणारे सुरुंग आम्ही पूर्ण वगळले. ते नसले तरी चालतं, पण ते असतील अशी भीती मात्र हवी होती, आणि ‘कारण अस्पष्ट’ एवढ्या दोन शब्दांवर ती पूर्ण उतरत नाही. निकामी जहाज प्रवाहाबरोबर वाहत जाणं आम्हाला जमलंच नाही. इरेझिस्टिबल आमच्याकडे जागच्या जागी उभी राहते. जाणकाराला ते खुपतं.

आता गट मुंबईकडे वळला आहे. वुल्फ हे मालवाहू जहाजाच्या वेषातलं जर्मन छापामार जहाज नोव्हेंबर १९१६ मध्ये कीलहून निघालं आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याने मुंबईसमोर सुरुंग पेरले. पी अँड ओ कंपनीची प्रवासी बोट मोंगोलिया त्यांतल्या एका सुरुंगावर गेली ती २३ जूनला, चार महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर. पेरणारा तोवर कुठल्या कुठे गेलेला. दहा सेकंदांची टिक घेऊन चार महिने कोण बसणार? ट्रिगर रेषा इथे निकामी आहेत, कोनाचं सूत्रही. जाणारी-येणारी जहाजं शेकडो, आणि त्यांतलं एखादंच लागतं. सध्या हा सिनॅरिओ इंजिनाबाहेर, कागदावर चालू आहे: एक पाळी म्हणजे एक आठवडा, मुंबईचे सागरी मार्ग पट्ट्यांत वाटलेले, मान्सून लागला की सुरुंग काढायच्या बोटींची संख्या निम्म्यावर. बुडालेल्या जहाजाच्या चिठ्ठीवर कारणाचा रकाना कोऱ्या अवस्थेत बंदर सांभाळणाऱ्या खेळाडूच्या हातात द्यायचा की नाही, यावर गटात अजून एकमत झालेलं नाही. मी कोरा ठेवा म्हणतो आहे.